उद्यापासून पलंगावर

३० ऑगस्ट
मोंती फेस्तचा, म्हणजे येशूच्या आईच्या, मारियाबाईंच्या जन्मसणाचा, नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना आज सुरू झाला, आणि माझ्या कंबरेचं नवं आयुष्यही. डॉक्टर शमीम म्हणाल्या, गोळ्या पुरे, दुखणं एकट्या कंबरेचं नसतं, सगळ्या माणसाचं असतं. म्हणून रोज चालायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, वेळेवर जेवायचं, माणसांत मिसळायचं, पलंगावर नीट झोपायचं. विल्फी गेल्यापासून मी त्याच्या आरामखुर्चीत झोपते, हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. खुर्ची फक्त आजची रात्र.

१ सप्टेंबर
चालायला निघाले. फाटकाशीच शेजारची हिल्डा भेटली आणि बोलत बसली. चालणं राहिलं, पण माणसांत मिसळणं झालं.
ऑस्विनचा बेंगळुरूहून फोन. फेस्तला येतोय. मम्मीची कंबर अशीच असेल तर मंगळूरचं घर बंद, मम्मी त्याच्याकडे. मी म्हटलं, ये आणि बघ. चर्चला चालत जाईन आणि गुडघे टेकून, पाठ ताठ ठेवून प्रार्थना करीन. शाळेत सिस्टर बर्नडेट आमच्या पाठीला पट्टी लावून बघायच्या, तशी.

३ सप्टेंबर, दुपार
दीर्घ श्वास घेता घेता खुर्चीत डोळा लागला. दुपारची झोप धरायची नसते.
जलजक्का केर काढताना म्हणाली, "बाई, पलंगावरची चादर मळत कशी नाही हो?" तिला नारळ खवायला बसवलं.

५ सप्टेंबर
पलंगावर पडून पाहिलं. पंखा फार आवाज करतो. दुरुस्त होईपर्यंत खुर्ची.

७ सप्टेंबर
अर्धी गोळी घेतली. मग उरलेली अर्धी. फेस्तनंतर अगदी कडक.

८ सप्टेंबर
चर्चला रिक्षाने. गुडघे छान टेकले. उठता येईना. ऑस्विनने काखेत हात घालून उभं केलं. मुलं मारियाबाईंच्या मूर्तीवर फुलं उधळत होती, त्यामुळे कुणी पाहिलं नसावं.
घरी जेवणाआधी चर्चमधून आणलेल्या नव्या भाताचे दाणे सोलून, नारळाच्या दुधात कालवून सगळ्यांना वाटायचे. हे घरातल्या मोठ्याचं काम, विल्फी करायचा. मी ऑस्विनला दिले, जलजक्काला दिले, आणि सवयीने एक वाटी खुर्चीच्या हातावर ठेवली. ती उचलायला ऑस्विन वाकला. खुर्चीखाली माझी उशी, शाल, बाम, जपमाळ.
"मम्मी, तू इथे झोपतेस?"
कधीतरी, म्हटलं.
"रोज," जलजक्का म्हणाली.
ऑस्विन बराच वेळ सोललेले दाणे चघळत राहिला. मग म्हणाला, "बेंगळुरूला दोघांपैकी एक येईल. तू, नाहीतर पप्पांची खुर्ची."

९ सप्टेंबर
खुर्ची गाडीच्या टपावर बांधून नेली. पाय वर होते. जलजक्काने न मळलेली चादर बदलली.

१० सप्टेंबर, सकाळ
रात्री पलंगावर झोपले. पंखा आवाज करत नाही.
कंबर दुखत नाही. डॉक्टरांना कळवायला हवं. कुठेतरी दुखतंय का, ते चाचपत बराच वेळ पडून राहिले.