मामाच्या कपाटातला पासपोर्ट

ती. आईस,

मी परदेशात आले तेव्हा मामा म्हणाला होता, "इथली माणसं म्हणजे दगड. आपल्या माणसांतच राहा." म्हणून त्याच्या घरी राहिले. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात असतो. मागितला की म्हणतो, "हरवशील, वेंधळे."

माझ्या कारखान्यात, मध्येच कुणी मशीन चालू करू नये म्हणून, दुरुस्ती करणाऱ्याने मशीनला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची, असा नियम आहे. आमच्या सुपरवायझर बाई इथल्याच. आठ महिन्यांत माझ्याशी एकदाही हसल्या नाहीत. पासपोर्टचं कळल्यावर एवढंच म्हणाल्या, "मग तुझी किल्ली दुसऱ्याकडे कशी? आमच्याकडे खोली रिकामी आहे. ये."

मी म्हणाले, "आईला विचारते."

पण हे पत्र तुला पाठवलं, तर तू आधी मामालाच फोन करशील, "दादा, ही काय लिहितेय बघ."

तुझी,
धाकटी