डावा अंगठा आधी हलायचा

माय, तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहायला बसले आहे. आंजी गावातल्या आपल्या घरातली एक दुपार मला अजून लख्ख दिसते. तू चुलीपाशी भाकर थापते आहेस. तुझा डावा अंगठा हलायला लागतो, मग हात, आणि मग तू आडवी. शेजारच्या बाया हुंगवायला कांदा घेऊन धावतात. फिट कुठून सुरू होते ते लिहून ठेवा, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून तू बाजारातून माझ्यासाठी नवी वही आणली होतीस. पण त्या दुपारी मी नुसती रडत बसले. शुद्धीवर येताच तू रागावलीस, "रडून काऊन राह्यली वं? मले त तवा काईच समजत नाई. तुले पाहाले सांगतलं होतं न!" त्यानंतर मी रडले नाही. पाहत गेले, लिहीत गेले. पुढे मी वर्ध्याला कॉलेजात असताना नाल्यावर धुणं धुता धुता तुला फिट आली. तेव्हा पाहायला कोणीच नव्हतं, आणि तू पाण्यातून उठलीच नाहीस.

आता पुण्यात मी तेच काम करते. इथे महासंगणक आहे. थंडगार खोलीत कपाटांसारखे उभे हजारो संगणक मिळून एकच गणित सोडवतात. तपासणीवरून आम्ही त्यात रोग्याच्या मेंदूची आकड्यांतली प्रतिकृती उभी करतो. फिट इथून निघाली तर कशी पसरेल, तिथून निघाली तर कशी, हे करून पाहतो, आणि ती नेमकी कुठून सुरू होते ते शोधतो. साध्या संगणकाला यात महिने लागले असते.

गेल्या वर्षी आर्वीची एक बाई फिटच्या उपचारासाठी इथल्या दवाखान्यात आली. आपल्याकडची म्हणून मी भेटायला गेले. नवरा म्हणाला, "मॅडम, हिले लेकरू कडेवर घ्याचं भेव वाटते." ती खाली मान घालून बसली होती. तिचं गणित तीनदा फसलं, चौथ्यांदा जुळलं, बोराएवढ्या जागेवर. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत तेवढीच जागा काढली.

आज तिच्या नवऱ्याचा फोन आला. "गोळ्या चालूच हायेत, पण सहा महिने झाले, फिट नाई. पोरीले कडेवर घेऊन अंगणात फिरून राह्यली." मागे ती पोर खिदळत होती.

मला फार आनंद झाला, माय. पण फोन ठेवल्यावर त्या पोरीचा हेवाही वाटला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आणि हा कागद कुठे धाडायचा तेही मला ठाऊक नाही.