सतरावी पायरी

१२ फेब्रुवारी १९७३, भिंगार

जुळलं! विसाच्या वीस पायऱ्या जुळल्या. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या राधाकृष्णांचा कागद आणि माझा, आकड्याला आकडा.

मुंबईच्या सरांची ही नवी अणुभट्टी अजून कुठंच बांधलेली नाही, ती फक्त कॉम्प्युटरमध्ये आहे. पाण्याऐवजी पातळ सोडियम फिरवून ती थंड ठेवायची. पंप बंद पडला तर दर अर्ध्या सेकंदाला किती तापेल, हे मशीन सांगतं. ते खरं सांगतं का, हे आम्ही दोघांनी हातानं करून बघायचं. नियम एकच — एकमेकांचा कागद बघायचा नाही. दोघांचं सारखं आलं तरच बरोबर.

माझा कागद मी शुक्रवारीच राधाकृष्णांकडे दिला. ‘स्वच्छ प्रत मी काढतो, अक्षर बरंय माझं,’ म्हणाले. आहेच.

२ मार्च

सरांचं पत्र आलं. राधाकृष्णांनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, हातात काही दिलं नाही. सतराव्या पायरीपासून मशीनचा आकडा वेगळा येतोय. पण दोन हिशेब जुळतात म्हणून सर प्रोग्रॅमच बदलणार! मशीन चुकलं, आपण नाही! पेढे आणावेसे वाटले.

आईला सांगितलं, पुस्तकात नाव छापून येणार. ‘माज्या पोरीचं? मला बोट ठिवून दाव बरं का, मला वाचता येत न्हाई.’

१४ एप्रिल

मुंबईहून छापील अहवाल आला. नाव एकच. राधाकृष्णांचं.

आई पदराला हात पुसत आली. ‘कुठं हाय?’ मी म्हटलं, हे दुसरंच पुस्तक आहे.

१५ एप्रिल

विचारलं त्यांना. वर्ष झालं एका टेबलावर डबा खातोय, मनकर्णाबाई मनकर्णाबाई करत! म्हणतात, ‘सरांना एकच नाव हवं होतं हो. तुम्हाला कुठं मुंबईला सरांकडे जायचंय?’

मला जायचं होतं. त्यांना माहीत होतं. घात केला माणसानं.

१६ एप्रिल

काम माझं आहे हे दाखवायला कच्च्या वहीतून सगळं पुन्हा केलं. सतरावी पायरी येईना. तीनदा केली. मग दिसलं — सोडियमच्या तक्त्यातली ओळ चुकलीय, एक ओळ वरची घेतलीय. त्या दिवशी आई ओरडली होती, ‘टँकर आला गं, पळ!’ मी हंडा घेऊन पळाले. परत आले ती वरच्या ओळीवर.

म्हणजे मशीन बरोबर होतं.

आणि राधाकृष्णांचीही तीच ओळ चुकली? त्यांच्या दारात तर नळ आहे! माणसानं एकही गणित केलं नाही. नुसतं उतरवून घेतलं!

१७ एप्रिल

गप्प बसले तर त्यांची अब्रू राहते, माझीही. पण उद्या ती भट्टी खरंच बांधली तर? सरांना लिहिलं. चूक माझी, ओळ अमुक, तारीख अमुक. स्वतः पोस्टात टाकलं.

२ मे

सरांचं उत्तर. ‘तपासलं. मशीन बरोबर होतं, प्रोग्रॅम पूर्ववत केला. पण तुम्ही तर जानेवारीतच काम सोडलंत, दोन्ही हिशेब राधाकृष्णांनीच केले, असं अहवाल छापताना त्यांनी लेखी दिलं आहे. सहकाऱ्याची चूक अंगावर घेण्याचा तुमचा मोठेपणा आवडला.’

आता चूकसुद्धा माझी नाही!

आई विचारत होती, ‘ह्यात तरी हाय का तुजं नाव?’ पाकिटावर बोट ठेवून दाखवलं.