फळ्यावरची शेवटची पायरी

परळ,
१४ जानेवारी २०२५

चि. मेघना,
सप्रेम जय भीम.

तू आणि मी, आपण दोघी एकाच माणसावर रागावलेल्या आहोत. तो राग खरा आहे आणि तो सोड असं सांगायला मी बसलेले नाही. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. गिरगावात तुझ्या मामाकडे सगळे बरे असतील. तुझी लॅबमधली नोकरी कशी चाललीय?

इकडे विहारातल्या अभ्यासिकेत बारावीच्या मुलांना रसायनशास्त्राला अखेर शिक्षक मिळाला. गेल्या आठवड्यात अल्कोहोल कसं बनवतात तो धडा निघाला. कमळाबाई दारातूनच कडाडल्या, "अगो सीमा, पंचशील म्हणतो त्या जागेत दारू गाळायला शिकवताय?"

मी म्हटलं, "मावशी, ज्ञानाला सोवळं कोणी नेसवलं ते आपल्याला ठाऊक आहे. आपण तरी नको नेसवूया."

त्या बसल्या. मीही बसले. जन्मभर दारूविरुद्ध भाषणं ठोकली, पण अल्कीनला पाणी जोडून किंवा अल्डिहाइडचं क्षपण करून अल्कोहोल मिळतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग अल्कोहोल बनवायची तिसरी, ग्रिन्यारची रीत आली. भांडं, ईथर, सगळं कोरडं ठणठणीत हवं. आधी थेंबभर पाणी शिरलं तर मेहनत फुकट. मग कीटोन. पाणी अगदी शेवटी.

तेवढ्यात मागून एक पोरगा म्हणाला, "सर, या धड्यात तुमचा हात कोण धरणार!" वर्ग खदखदून हसला. सरांनी खडू ठेवला आणि निघून गेले.

तू ओळखलंच असशील. हो, प्रफुल्ल. तुझे पप्पा. हे नाव वरच लिहिलं असतं, तर तू पत्र तिथेच फाडलं असतंस.

गेल्या पावसाळ्यापासून त्याने घेतलेली नाही. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. त्याच्यासाठी दिलेला माझा शब्द पुष्कळदा खोटा पडलाय. त्या हसण्यानंतर तो गुत्त्याकडे वळेल म्हणून मी रात्री त्याच्या घराखालच्या जिन्यातच बसून होते. तो खाली उतरला नाही. आणि पौर्णिमेच्या वंदनेत पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाशी तो कसा गप्प व्हायचा, आठवतं? तू त्याच्या तोंडाकडे बघत राहायचीस. काल त्याने ते मोठ्याने म्हटलं.

पण वर्गावर जायला तयार नाही. "ताई, पोरांचं काय चुकलं?" एवढंच म्हणतो. परीक्षा तोंडावर आलीय. मी हजारांच्या सभा गाजवल्यात, पण या एका माणसाला फळ्यापुढे उभं करणं मला जमेना.

तो फळा मी कोणाला पुसू दिलेला नाही. कीटोनपर्यंत लिहिलंय, पुढचा बाण उघडाच आहे. तुला हे शिकवताना स्वयंपाकघरातून तो ओरडायचा, "मेघू, पाणी कधी?" आणि तू आंघोळीतून, "शेवटी!"

रविवारी दहा वाजता मी त्याला तिथवर ओढून आणते. पहिल्या बाकावर माझी पिशवी ठेवून जागा धरलेली असेल. त्याला माफ करू नकोस. फक्त ये, तिथे बस आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचार, "सर, पुढे काय घालायचं?"

तुझी,
सीमाआत्या