ओठातल्या टाचण्या

प्रिय चिमणे,

शिंपीणमावशी काल दुपारी गेली. आज सकाळी आम्ही तिघींनी तिला न्हाऊ घातलं, पांढरे कपडे चढवले आणि बाराच्या आत पुरुषमंडळी तिला घेऊन गेली. तिचं कफन मीच शिवलं. आपल्या ज्यू रिवाजाप्रमाणे धाग्याला गाठ मारायची नाही, हे तिनंच शिकवलेलं. तरी सवयीनं दोनदा हात गाठीकडे गेला आणि दोन्ही वेळा रडू फुटलं.

आठवतं, आपण परकर शिवून घ्यायला जायचो तिच्याकडे? माप देता देता बायका कुणाच्या तरी सुनेचा विषय काढायच्या, की मावशी लगेच चार टाचण्या ओठांत धरायची. विचारणारी विचारून दमायची, ही नुसती 'हं' करायची. मला वाटायचं, टाचण्या कामासाठी आहेत. तिच्या हाताखाली लागले तेव्हा कळलं, खरं असलं तरी माणसाच्या पाठीमागे वाईट बोलायचं नाही, हा धर्म ती असा पाळत होती. गेलेल्या बायकांना आम्ही न्हाऊ घालायचो त्या मयताच्या खोलीत तर ती फारच कडक. तिथं जे दिसलं ते तिथल्या पाण्याबरोबर वाहून जाऊ द्यायचं, म्हणायची. न्हाणं संपलं की आम्ही गेलेल्या बाईचं नाव घेऊन काही कमी-जास्त झालं असेल तर माफी मागतो. तुझ्या आईचीही मागितली होती.

पण तुझ्या आईचं बाहेर फुटलंच. तू नोकरीसाठी दूर असताना तिचं ऑपरेशन झालं, एक स्तन काढला, आणि तू घाबरशील म्हणून तिनं तुलाही कळू दिलं नाही. सुतकाचे सात दिवस सरायच्या आत ते सगळ्या सिनेगॉगभर झालं. घराण्यात आजार आहे म्हणून तुझ्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. तू दुकानात आलीस, आणि मावशी न्हाऊ घालणाऱ्यांत मोठी, म्हणून तिच्यासमोर उभी राहून म्हणालीस, "माझ्या आईला तुम्ही दोनदा उघडं केलंत."

मी आत मशीनवर होते. पाय थांबवला नाही मी. मावशी इतकंच म्हणाली, "माझ्या हाताखाली झालं पोरी, म्हणजे माझंच."

त्यानंतर तीन वर्षं, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या आदल्या दिवशी, ती तुझ्या दारात माफी मागायला आली. गुडघे धरत तीन जिने चढायची. तू दार उघडलं नाहीस. तुझ्या जागी मीही उघडलं नसतं. तीनदा मागितली की मागणारा सुटतो म्हणतात. ती मात्र सुटलेली दिसली नाही. एकदा मी तिला म्हटलं, मावशी, कोण बोललं ते मला माहीत आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, "मला नाव नको सांगूस, जिला सांगायला हवं तिला सांग," म्हणाली आणि टाचण्या ओठांत धरल्या. समोर कापड नव्हतं, काही नव्हतं. मी मात्र त्यातलं अर्धंच ऐकलं.

चिमणे, ते मी बोलले होते. तुमच्याच घरी, त्या सात दिवसांत. एक बाई म्हणाली, शेवटी शेवटी फार गर्व झाला होता हो, कुणाला जवळ येऊ देईना. मला सहन झालं नाही. तुझ्या आईची बाजू घ्यायला म्हणून मी बोलून गेले, "गर्व कसला, छाती कापली होती त्यांची, मिठी कशी मारणार?" खरंच होतं, आणि कळवळ्यानं बोलले होते. सहा वर्षं मी हेच दोन आधार धरून बसले आणि तुझ्याबरोबर तुझ्याच लेकीसाठी रडलेसुद्धा. आज मावशीची माफी मागताना तिचे ओठ मिटलेलेच होते. तिच्या बहिणीकडे उद्यापासून लोक सुतकाला बसायला येतील. मी तिथं सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. माफ करायचं की नाही ते तुझं तू बघ. पण या वेळी तरी तुला आधी लोकांकडून कळू नये, म्हणून हे पत्र आजच तुझ्या दाराखालून सरकवून जाते आहे.

तू म्हणू देशील तर,
तुझीच,
मशीनवरची