सरळ कोपऱ्यातली मांडणी

बाबा, आज गाडीच्या शेडमध्ये कोपऱ्यात मांडणी केली. दोन्ही भिंतींना लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांवर फळ्या बसवल्या, इतकंच. पण हे सांगण्याचं कारण वेगळं आहे. तुमचा आवाज मला आठवेनासा झालाय. शब्द आठवतात, चेहरा आठवतो, आवाज नाही. ज्या कामात तुम्ही सगळ्यांत जास्त बोलायचात ते केलं, तर तो परत येईल असं वाटलं.

बिरवाडीच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तुम्ही पाने-पकडी ठेवायला अशीच मांडणी केली होती. तुमच्या कंपनीला सुट्टी होती. कोपरा काटकोनात नाही, म्हणून फळीचं माप घ्यायला तुम्ही खोक्याचा पुठ्ठा त्यात दाबून धरता, अडेल तिथे कातरता, पुन्हा दाबता. मी दुसरं टोक धरून उभी. "भिंत वाकडी हाय गो," तुम्ही मुद्दाम आत ऐकू जाईल असं म्हणता, "तुझ्या मामानं बांधलेली ना." स्वयंपाकघरातून आई म्हणते, "माझ्या भावाची भिंत उभी तरी हाय. तुमची फळी अजून जमिनीवरच." मग तुम्ही हसता. पोलादपूरकडची ती बोली तुम्ही शेवटपर्यंत सोडली नाहीत. मी कॉलेजात गेल्यावर सोडली. आई खरंच असं म्हणाली होती, की इतक्या वर्षांत मीच ते वाक्य घासून गुळगुळीत केलंय? सांगता येत नाही. तुम्ही हसलात, एवढं मात्र नक्की.

आज मीही पुठ्ठा कापला. पण महाडच्या या नव्या शेडचा कोपरा अगदी काटकोनात निघाला. पुठ्ठा पहिल्याच खेपेला चपखल बसला. कातरायला काही नव्हतं, घुटमळायलाही कारण नव्हतं. पुराच्या हिशेबाने खालची फळी छातीइतकी वर घेतली, स्क्रू पिळले आणि जेवणाआधी काम संपलं. शेजारच्या काकू डोकावल्या, छान झालीय म्हणाल्या, सुतार कुठला बोलावलास म्हणून विचारत राहिल्या. आवाज आला नाही, बाबा. तुमची वाक्यं माझ्याच आवाजात ऐकू येत राहिली.

हे पान वहीतच राहील, म्हणून सांगून टाकते. सगळं सामान या एका मांडणीत मावलं. समोरच्या कोपऱ्यात ठेवण्यासारखं काहीच नाही. तरी दुकानातून येताना मी फळ्या दोन कोपऱ्यांना पुरतील एवढ्या आणल्या आहेत.