अकरा किलोचा कटला आणि रंगाची बादली

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. संध्याकाळी ७.

आजपासून रोजनिशी. माझ्या बाबतीत लेखी पुरावा नाही, असं आज तोंडावर ऐकवण्यात आलं. अठ्ठावीस वर्षं चाकणच्या कंपनीत क्वालिटीला काढलेल्या माणसाला. ठीक आहे. आता सगळं लेखीच.

आमची सुट्टी गुरुवारची. सात वर्षं दर गुरुवारी चाकणच्या पुढे नदीच्या डोहावर आम्ही गळ टाकून बसतो. मी, दापोडीचा गॅरेजवाला ज्ञानेश आणि आमच्या चिंचवड गावठाणातले मारुतराव, वय बहात्तर. दहा वाजता गळाचा तंगूस गुंडाळायचा, ज्ञानेश स्टोव्हवर चहा टाकतो, मग ज्याने त्याने आपापला मासा सांगायचा. बसायला खडक आहेत. बादली मात्र एकच, वीस लिटर रंगाची, झाकणासकट, ज्ञानेशच्या गॅरेजमधली. ज्याच्या नावावर सगळ्यांत मोठा मासा, तो बादलीवर. चार वर्षं मी बसतोय. १६ डिसेंबर २०२१, कटला, अकरा किलो, बावीस मिनिटं झुंज. मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि तनुजाचं महालक्ष्मीचं व्रत, त्यामुळे मासा पाण्यात परत सोडला. बायकोच्या व्रतासाठी अकरा किलोचा मासा सोडणारा नवरा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दिवाळीपासून वाकडचा कुलदीप यायला लागलाय. आयटीवाला, वय तीस. गुरुवारी त्याचं वर्क फ्रॉम होम असतं. होम म्हणजे नदी. आज त्याला साडेसात किलोचा कटला लागला. डिजिटल काट्यावर वजन केलं, व्हिडिओ केला आणि मग बादलीकडे बघत मला म्हणाला, काका, तुमच्या अकरा किलोचा फोटो असेल ना.

काका. मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

संकल्प: उत्तर द्यायचं. पण पद्धतशीर.

८ नोव्हेंबर, शनिवार.

सेकंड शिफ्टला जेवणाच्या सुट्टीत फॉरमॅट तयार केला. मासा नोंद पत्रक, आवृत्ती शून्य. रकाने: तारीख, मासा, वजन, वजनाचं साधन, ऑपरेटर, दोन साक्षीदारांच्या सह्या. खाली तळटीप: ऑपरेटर म्हणजे मासा लागला त्या क्षणी रॉड ज्याच्या हातात होता ती व्यक्ती. ही तळटीप खास कुलदीपसाठी. तो रॉड स्टँडला लावून लॅपटॉपमध्ये मीटिंग करतो. साडेसात किलो स्टँडच्या नावावर जातील. मूळ प्रतीचं लॅमिनेशनही केलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

पत्रक लागू. सुरुवात ज्ञानेशपासून केली. त्याची गोष्ट अशी की दापोडीच्या पुलाखाली एकदा गळाला हेल्मेट आलं आणि आत अर्धा किलोची शिंगटी. लहानपणी आत शिरलेली, आत वाढलेली, बाहेर पडता येईना. गॅरेजमध्ये ग्राइंडरने हेल्मेट कापून तिला सोडवलं. साक्षीदार कोण, विचारलं. म्हणाला, शेखरभाऊ, शिंगटीच होती फक्त. नामंजूर.

मारुतरावांची मरळ ओल्या पोत्यातून निघून सरपटत शेजाऱ्याच्या दारात गेली होती आणि शेजारीण दोन दिवस त्या दाराने बाहेर पडली नव्हती. नामंजूर. मारुतराव म्हणाले, शेजारणीला साप वाटला व्हता, तवा म्या तिची सही मागायची व्हती व्हय.

कुलदीपने मात्र पत्रक भरलं. व्हिडिओत रॉड त्याच्या हातात आहे आणि साक्षीदार म्हणून ज्ञानेशने आनंदाने सही केली. दुसरी सही मारुतरावांची. मग मारुतराव माझ्याकडे वळले. कागूद तू काढलास, तर आधी तुझा भर की. जुन्या नोंदींना पत्रक लागू नाही, असं मी स्पष्ट केलं. तिघांनी मतदान घेतलं. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारपर्यंत, म्हणजे १८ डिसेंबर, माझं पत्रक आलं नाही तर बादली कुलदीपची.

घाबरतो कोण. मासा खरा आहे. खऱ्याला मरण नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.

साक्षीदाराचा विचार केला. त्या दिवशी ज्ञानेश आणि मारुतराव दोघंही आले नव्हते, फक्त तनुजा बरोबर होती. व्रताच्या कलशात पाच झाडांच्या डहाळ्या लागतात आणि आमच्या सोसायटीत नुसती पामची झाडं. म्हणून ती नदीवर आली होती. पण ती गाडीत बसून होती, तिने काय पाहिलं असणार. तरी चहा पिताना सहज विचारलं, माझा तो मोठा मासा आठवतो का. तिने विचारलं, कोणाचा. मी म्हटलं, माझा. ती हसली आणि बराच वेळ हसत राहिली.

तिला नीट आठवत नसावं.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

नवा निर्णय. जुन्या माशासाठी कुणापुढे हात पसरायचे नाहीत. बारा किलोचा ताजा पकडायचा आणि पत्रक तोंडावर मारायचं. पहाटे पाचला डोहावर. शेंगदाण्याची पेंड, कणीक, थोडा हिंग. हिंग हे माझं स्वतःचं संशोधन आहे.

निकाल: एक चिलापी. व्हर्नियरवर ११८ मिलिमीटर. वजन घेतलं नाही, कारण काटा कुलदीपचा आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. तनुजा सकाळी म्हणाली, येताना आंब्याचा डहाळा आणा, पण झाडावर चढू नका. हे ती दर वर्षी सांगते आणि दर वर्षी पदर तोंडाला लावते. कारण मी कधी विचारलेलं नाही.

डोहात आज जबरदस्त वजन लागलं. हळूहळू ओढलं. सेफ्टी शू, डाव्या पायाचा, आठ नंबर. कुलदीपने फोटो काढला आणि म्हणाला, काका, साक्षीदार मी आहे. मी बादलीवरून उठलो नाही. अजून तीन गुरुवार ती माझी आहे.

४ डिसेंबर, गुरुवार.

आज इतिहास घडता घडता राहिला. साडेआठला माझा रॉड कमानीसारखा वाकला. सतरा मिनिटं लढलो. खांदा गेला, पण सोडलं नाही. मासा हुशार होता. मी ओढलं की तोही ओढायचा, मी थांबलो की तोही थांबायचा. मी ज्ञानेशला ओरडून सांगितलं, वेळ लिहून ठेव. शेवटी वळणापलीकडून कुलदीपचा आवाज आला की त्यालाही आयुष्यातला सगळ्यांत मोठा मासा लागलाय.

गुंता सोडवायला मारुतरावांना बारा मिनिटं लागली. काम करताना त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती. त्यांचे खांदे हलत होते.

७ डिसेंबर, रविवार.

शांतपणे सगळं आठवून पाहिलं. कागदावर काटेकोर असलेलं बरं. तनुजा गाडीत नव्हती, काठावर होती. आणि एक क्षण, फक्त एक क्षण, रॉड मी तिच्या हातात दिला होता. रॉड माझा, रीळ माझं, गळ माझा, पेंड मी मळलेली, जागा मी निवडलेली. कंपनीत पार्ट मशिनवरून निघतो म्हणून ट्रॉफी मशिनला देत नाहीत.

११ डिसेंबर, गुरुवार.

काही लागलं नाही. हिंग बंद.

१४ डिसेंबर, रविवार. रात्र.

पत्रक व्यवस्थित भरून तनुजापुढे ठेवलं. ऑपरेटर: मी. साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवून म्हटलं, इथे सही कर. ती मेथी निवडत होती. हात पुसून तिने कागद घेतला आणि वाचायला लागली. आमच्या कंपनीत कुणी फॉर्म वाचत नाही. हिने तळटीपही वाचली.

विचारलं, मासा लागला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मी म्हटलं, परिसरातच.

ती म्हणाली, अहो, तुम्ही आंब्यावर होतात. डहाळा तोडायला चढलात, खाली बघितलंत आणि उतरता येईना म्हणून वर बसलात. रॉड मी धरला होता. मासा मी ओढला, साडी गुडघ्यापर्यंत भिजली. दूधवाले सोनबा मोटारसायकल लावून मदतीला आले. त्यांनी मासा उचलून सांगितलं, वहिनी, दहा लिटरची किटली भरल्यावर हाताला एवढीच लागते. मासा सोडून दिल्यावर त्यांनी तुम्हाला उतरवलं.

मी म्हटलं, वरून सूचना मी देत होतो. ढील दे, ढील दे, असं मी सतत सांगत होतो.

ती म्हणाली, तुम्ही मला धर, मला धर, म्हणत होतात.

मग मोबाइल आणला. सोनबांनी काढलेला फोटो चार वर्षं तिच्याकडे आहे. मी कधी मागितला नाही, म्हणून तिने दाखवला नाही. हिरव्या साडीत तनुजा, दोन्ही हातांवर मासा. मासा मोठाच आहे, हे मी सुरुवातीपासून सांगतोय. वरच्या कोपऱ्यात आंब्याची फांदी आणि फांदीवरून लोंबणारे दोन पाय. एका पायात चप्पल नाही.

चार वर्षं माझ्या डोळ्यांपुढे बावीस मिनिटांची ती झुंज अगदी स्पष्ट आहे. आज पहिल्यांदा लक्षात आलं की ती मला वरून दिसते.

तनुजाने पेन घेतलं. माझं नाव एका रेषेने खोडलं, शेजारी स्वतःचं लिहिलं, बाजूला सही आणि तारीख. अगदी आमच्या पद्धतीने. वजनही खोडून दहा केलं. चूक काढायला जागा ठेवली नाही. संध्याकाळी सोनबांकडे जाऊन साक्षीदाराची सहीही घेऊन आली. चिडली नव्हती, हेच जास्त लागलं.

१७ डिसेंबर, बुधवार.

हार मानणार नाही. कंपनीत नवीन प्रत छापली. ऑपरेटरच्या रकान्यात माझं नाव टाइप केलं. उद्या हीच द्यायची. नुसती सही बाकी आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार. पहाटे ५.१०.

सही राहिली. पेन चाललं नाही. दुसरं घेतलं, तेही चाललं नाही. तिसरं चाललं, पण थंडीने हात नीट वळत नव्हता. अठ्ठावीस वर्षांत चुकीच्या रिपोर्टवर माझी सही नाही. एकदा प्लँट हेडने केबिनमध्ये बसवून घेतलं होतं, तरी केली नव्हती. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. पेनंच हल्ली वाईट येतात.

त्याच दिवशी, दुपार.

पेन चालत नसल्यामुळे नाइलाजाने तनुजाने दुरुस्त केलेलं पत्रक दिलं. कुलदीपने मोठ्याने वाचलं. फोटो सगळ्यांनी पाहिला, पायांपाशी झूम करून पुन्हा पाहिला. ज्ञानेशचा चहा उतू गेला. मी उभा राहून सांगितलं की पत्रक नियमाप्रमाणे आहे, मासा कुलदीपच्या माशापेक्षा अडीच किलोने मोठा आहे, दोनातली एक सही सोनबांची आहे आणि दुसऱ्या साक्षीदाराची सही मी आत्ता करतो. केली. पेन चाललं.

कुणी हसेल म्हणून मी तयारीत होतो. मारुतराव एवढंच म्हणाले, मंग बाईला का न्हाई आनली.

कुलदीप बादलीवर बसायला गेला, तर मारुतरावांनी काठी आडवी घातली. बादली मोकळीच राहिली. आम्ही चौघं खडकावर बसलो. खडक टोचतो. चार वर्षं ही माणसं कशी बसत होती कोण जाणे.

२५ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

मार्गशीर्ष संपला. तनुजा आली. तिने बादलीवर रुमाल टाकला, बसली आणि चार वाक्यांत मासा सांगितला. झुंजीला तिने साताठ मिनिटं दिली. ज्या गोष्टीला मी चहाचे दोन कप घेतो, ती तिने बिस्किट भिजेपर्यंत संपवली. मग म्हणाली, पुढचं यांना विचारा, हे छान सांगतात. मला सांगावं लागलं. झाडापासून. चार वर्षांत माझ्या गोष्टीला एवढे हसले नव्हते. ज्ञानेशने पुन्हा सांगायला लावली.

त्यानंतर तिने माझ्याच रॉडने गळ टाकला. तासभर काही लागेना. मारुतरावांनी आंब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, शेखर, जरा वर जाऊन बस, बघू तरी.

मी साफ नकार दिला. क्वालिटीत अंधश्रद्धेला जागा नाही, हे बजावून सांगितलं. मग चढलो. एक ट्रायल घ्यायला हरकत नसते.

सहाव्या मिनिटाला रॉड वाकला. रोहू, दोन किलो तीनशे, कुलदीपच्या काट्यावर. उतरवायला या वेळी तिघं लागले.

घरी आल्यावर पत्रकाची आवृत्ती एक काढली. एक रकाना वाढवलाय: झाडावर कोण. तिथे माझं नाव छापूनच घेतलं, दर वेळी लिहायला नको.